जिनिंगमधली नोकरी, बाळंतपणाची रजा आणि अर्धा पगार: ऑक्टोबर ते मार्च कसे काढायचे?

वावरधनी

राम राम मंडळी. घर वणी तालुक्यात. सौ. कापसाच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्याच्या ऑफिसात बाराही महिने कामाला आहे. काटापट्टी (वजनाची चिठ्ठी), गाड्यांच्या नोंदी, चुकाऱ्यांचा (विकलेल्या कापसाच्या पैशांचा) हिशोब तिच्याकडे. पगार महिना १५,६००. डॉक्टरांनी २८ ऑक्टोबर तारीख दिली आहे. रजा १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. मालक म्हणतात, पहिले तीन महिने अर्धा पगार देतो, पुढचे तीन बिनपगारी, नोकरी राखून ठेवतो.

कोरडवाहू सहा एकर आहे. चार एकर पऱ्हाटी (कापूस), दोन एकर सोयाबीन, त्यात तुरीची तासं. म्हशीच्या दुधाचे ढेप-कुटार वजा जाता ३,५०० उरतात. किराणा, वीज, आईची औषधं, पेट्रोल, रिचार्ज मिळून घरखर्च ११,०००. गाडीचा हप्ता २,८५० (५ तारखेला कटतो), बचत गटाच्या कर्जाचे १,४००, पोस्टात आरडी १,०००, जानेवारीत एलआयसीचा सहामाही हप्ता ४,६००. सोसायटीचं पीककर्ज १,१०,०००. बँकेत २२,००० आहेत, घरात दोन तोळे सोनं. पहिलंच बाळ.

सोनं गहाण टाकावं लागेल का, कोणता हप्ता थांबवता येतो, आणि योजनांमधून खरोखर हातात किती पडतं?

बेरीजवजाबाकी

भाऊ, सोन्याचं नंतर पाहू. आधी खड्डा किती खोल आहे ते मोजा.

तुमचा दर महिन्याचा ठरलेला खर्च ११,००० + २,८५० + १,४०० + १,००० म्हणजे १६,२५०. ऑक्टोबर ते डिसेंबर आवक ७,८०० + ३,५०० = ११,३००, म्हणजे महिन्याला ४,९५० कमी. तीन महिन्यांचे १४,८५०. जानेवारी ते मार्च फक्त दुधाचे ३,५००, म्हणजे महिन्याला १२,७५० कमी, तीन महिन्यांचे ३८,२५०. एलआयसीचे ४,६०० धरून ५७,७००. बाळंतपण, प्रवास, बाळाचं सामान, बारसं यांना २०,००० धरा. एकूण तुटवडा ७७,७००. बँकेतले २२,००० घातले तरी ५५,७०० उरतात.

वावराचा पैसा मी मुद्दाम धरलेला नाही. तो धरला की माणूस निश्चिंत होतो आणि मार्चमध्ये सोसायटीच्या दारात अडकतो. पीककर्ज मुदतीत फेडलं तर ३ लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. थकलं की ही सवलत जाते आणि पुढच्या हंगामाचं नवं कर्जही अडतं. त्यामुळे कापसाच्या चुकाऱ्यातले पहिले १,१०,००० सोसायटीचे. घरखर्चासाठी त्यांना हात लावायचा नाही.

आता हप्ते. सगळ्यात सैल आरडी. पोस्टात चुकलेल्या हप्त्याला १०० रुपयांमागे महिन्याला १ रुपया दंड, म्हणजे तुम्हाला १० रुपये. पण चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं आणि ते सुरू करायला दोनच महिने मिळतात. म्हणून सलग तीन चुकवा, चौथ्या महिन्यात थकबाकी भरून मोकळे व्हा.

एलआयसीच्या सहामाही हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. जानेवारीचा हप्ता त्या मुदतीत भरला तरी पॉलिसी चालू राहते. तोवर तूर निघालेली असेल.

गाडीचा हप्ता मात्र चुकवायचा नाही. खात्यात ५० रुपये कमी पडले तरी तो परत जातो. मग बँक वेगळा दंड लावते, फायनान्सवाले वेगळा, वर सिबिल खराब. ज्या खात्यातून तो कटतो त्यात सप्टेंबर अखेरीस तीन हप्त्यांचे ८,५५० टाका आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड घरात आत ठेवून द्या. यूपीआयही दुसऱ्या खात्याला जोडा, नाहीतर किराणा दुकानात क्यूआर दाखवता दाखवता तो पैसा जातो.

बचत गटाचं बैठकीत ठरतं. सप्टेंबरच्या बैठकीतच विषय मांडा: सहा महिने फक्त व्याज, मुद्दल एप्रिलपासून. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी ठरलेलं अध्यक्ष बदलली की मोडतं. हे कर्ज गटाचं नसून मायक्रोफायनान्सचं असेल तर अशी सूट सहसा मिळत नाही. मात्र मुदतीआधी फेडल्यास दंड लावायची त्यांना परवानगी नाही. थोडंच उरलं असेल तर दिवाळीआधी संपवून टाका.

कामगारकट्टा

वरचा हिशोब बरोबर आहे, पण त्यात मालकाचं म्हणणं जसंच्या तसं मान्य केलंय. अर्धा पगार ही मालकाची मेहेरबानी नाही. ती कपात आहे.

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आली. हीच तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. अट एकच: प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम. वहिनी बाराही महिने जातात, म्हणजे प्रश्नच नाही. २६ आठवड्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. तुम्ही काढलेली रजा १ ऑक्टोबर ते ३१ मार्च बरोबर १८२ दिवसांची, म्हणजे २६ आठवड्यांचीच आहे.

जिनिंगवाले हमखास म्हणतात, ‘आम्हाला ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू नाही, म्हणून प्रसूतीचे पैसेही नाहीत.’ यातलं अर्धंच खरं. कापसाची जिनिंग-प्रेसिंग हा हंगामी कारखाना धरला जातो, त्यामुळे ईएसआयमधून तो सुटतो. पण ईएसआय असती तर पैसे महामंडळाने दिले असते. ती नाही म्हणून जबाबदारी थेट मालकावर येते. ईएसआय नसणं ही मालकाची सुटका नाही, उलट खर्च त्याच्या खिशातून आहे. म्हणूनच ते अर्ध्यावर आणतात.

रक्कम ठरते रजेआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी रोजच्या वेतनावर. तुमच्या बाबतीत जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. या तीन महिन्यांत पगार रोखीने घेऊ नका, खात्यातच मागा. ‘काम हलकं दिलंय’ म्हणत आताच पगार कमी केला तर सरासरी खाली येते, तिथे लक्ष ठेवा. आणि वाचणाऱ्या रोजंदारीच्या बायांसाठी सांगतो: आठवडा म्हणजे सात दिवस, रविवार धरून. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच बी. शाह प्रकरणात हे सांगितलं आहे. ४०० रुपये रोज असेल तर १८२ दिवसांचे ७२,८०० होतात. सहा दिवसांचा आठवडा धरून ६२,४०० हातात ठेवतात, ते चूक.

प्रसूतीपूर्वीच्या दिवसांचे पैसे गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ, आणि उरलेले प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत द्यायचे असतात. कारखान्याने मोफत तपासणीची सोय केलेली नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस वेगळा.

वहिनींचा अर्ज दोन प्रतींत लिहा. त्यात रजेची तारीख, अपेक्षित प्रसूतीची तारीख आणि पैसे कोणत्या खात्यात द्यायचे ते हवं. एका प्रतीवर आवक-शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. ‘स्वखुशीने बिनपगारी रजा घेत आहे’ असा छापील कागद पुढे येईल. त्यावर सही नको. कोऱ्या राजीनाम्यावर तर नकोच. रजेवर असताना कामावरून काढता येत नाही, मार्चअखेर हंगाम संपत आला असला तरी नाही.

मालक जे देत नाही म्हणतो त्याची बेरीज करा: ७,८०० गुणिले ३ अधिक १५,६०० गुणिले ३, म्हणजे ७०,२००. वरचा तुटवडा होता ७७,७००. खड्डा कुठून पडला ते दिसतंच.

वावरधनी

डोळे उघडले. पण एक अडचण आहे. पगार जिनिंगच्या नावाने येत नाही. मालकाची एक ट्रेडिंग फर्म आहे, तिच्या खात्यातून येतो. त्या फर्ममध्ये कागदावर सातच माणसं.

कामगारकट्टा

हा नेहमीचा डाव आहे. दुकान किंवा आस्थापनेत गेल्या १२ महिन्यांत एखाद्या दिवशी तरी १० माणसं असतील तर कायदा लागू होतो. सात दाखवली ती त्यासाठीच. पण वहिनी काटा करतात तो जिनिंगच्या आवारात आणि जिनिंगच्या गाड्यांचा. काटापट्टीवर कारखान्याचं नाव आणि खाली त्यांची सही, हजेरीपटावर नाव, गेटपास, व्हॉट्सॲपवर आलेल्या कामाच्या सूचना, हे सगळं रजेआधीच मोबाईलमध्ये घेऊन ठेवा. पीएफ कापत असतील तर पासबुकात कोणत्या आस्थापनेचं नाव आहे ते बघा. बहुतेक वेळा तिथेच खरं कळतं.

मग सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात आधी नुसतं विचारून या. तक्रार नंतर. कार्यालयातून नोटीस येण्याची शक्यता दिसली की बरेच मालक पूर्ण पगारावर येतात. पण निकाल यायला वेळ लागू शकतो, त्यामुळे घरचं गणित अर्ध्या पगारावरच मांडा. पूर्ण पैसे आले तर ती रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि दर महिन्याच्या १ तारखेला तिथून १५,६०० घरखर्चाच्या खात्यात वळवा. प्रसूतीनंतर ऐंशी हजारांच्या आसपास एकदम येतात आणि लगेच बोअर, मोबाईल, मोठं बारसं आठवतं.

पोषणताई

योजनांबद्दल. पहिल्या बाळाला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० दोन हप्त्यांत असतात. नोंदणी आणि एक तपासणी सहा महिन्यांच्या आत झाली की ३,०००, जन्मनोंदणी आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्या की २,०००. पण वरची चर्चा वाचून सांगते: ज्या बाईला कायद्याने असाच लाभ मिळतो तिला ही योजना नाही. म्हणजे मालकाकडून २६ आठवड्यांचा पगार घ्यायचा आणि मातृवंदनाही, असं होत नाही. दोन्ही धरून हिशोब करू नका. कायदा लागू झाला नाही तरच हे ५,०००. नोंदणीला आधार, माता-बाल संरक्षण कार्ड आणि पात्रतेचा कागद लागतो: रेशन कार्ड, ८ लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, पीएम किसान किंवा ई-श्रम, यातलं काहीही एक.

पैसे अडकतात ते बँकेपाशी. खात्याला आधार ‘लिंक’ असणं वेगळं आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) आधार ‘सीडिंग’ असणं वेगळं. सरकारी पैसा शेवटी ज्या बँकेत सीडिंग झालं त्या खात्यात जातो. लग्नाआधी माहेरच्या गावी उघडलेलं खातं बंद पडलेलं असतं, सीडिंग मात्र तिथेच, म्हणून ‘पैसे आले पण दिसत नाहीत’. ज्या खात्यात हवेत तिथे सीडिंगचा अर्ज आताच द्या. खातं बाईच्याच नावाचं हवं, नवऱ्याचं चालत नाही. आधारवर माहेरचं आडनाव आणि बँकेत सासरचं असेल तर अर्ज परत येतो. त्या दुरुस्तीला वेळ जातो, म्हणून सातव्या महिन्याची वाट पाहू नका.

जन्माची नोंद जिथे प्रसूती होते तिथल्या नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत होते, आपल्या गावात नाही. २१ दिवसांच्या आत फुकट. माहेरी प्रसूती करणाऱ्या घरांत हमखास गोंधळ होतो. दवाखान्यातून सुटी घेतानाच आईवडिलांच्या नावाचं अक्षरन् अक्षर तपासा. नंतर एक वेलांटी दुरुस्त करायला तीन चकरा.

मुलगी झाली आणि रेशन कार्ड पिवळं किंवा केशरी असेल, उत्पन्न लाखाच्या आत असेल तर लेक लाडकी योजनेचा अर्ज अंगणवाडीत द्या. जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,०००. तुमच्या घरात पगार आहे, उत्पन्नाची अट नीट बघा. बाळाचं नाव रेशन कार्डात घाला, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य असतं. लाडक्या बहिणीचे १,५०० कोणाला येत असतील तर हप्त्याच्या तारखेच्या भरवशावर ठेवू नका, पुढेमागे होतात.

खर्च वाचतो तो सरकारी दवाखान्यात. प्रसूती, सिझेरियन, रक्त, तपासण्या, औषधं, मुक्कामातलं जेवण, घरून नेणं-आणणं, सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत. गाडीसाठी १०२. बाळ वर्षाचं होईपर्यंत आजारपणही त्यातच. ‘हे औषध बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हातात ठेवली तर पैसे काढण्याआधी वैद्यकीय अधीक्षकांना दाखवा. तुम्हाला यवतमाळ किंवा चंद्रपूर. इकडे वाचणाऱ्या बाकीच्यांना अमरावतीचं डफरीन, अकोल्याचं लेडी हार्डिंग, नागपूरचं डागा माहीत आहेच. गर्दी असते, खाट वाटून घ्यावी लागू शकते, हे कबूल. खासगीत जाणार असाल तर ‘पॅकेज’ लेखी घ्या आणि भूलतज्ज्ञ, बाळाचे डॉक्टर, औषधं, खोलीभाडं त्यात आहे का ते एकेक विचारा. साधी प्रसूती ठरवून गेलेलं माणूस सिझेरियनचं बिल घेऊन बाहेर येतं तेव्हा वरचे सगळे आकडे फुकट जातात.

लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या प्रसूतीनंतरही आशाताईकडे मोफत मिळतात, लसीही सगळ्या. धावड्याचा डिंक पाव किलो पुरतो, किलोभर आणून डब्यात खवट होतो. दिवसा लंगोट आणि रात्री एक डायपर ठेवलं तर महिन्याला ३० डायपर, तीनशेच्या आत. दिवसरात्र वापरलं तर बाराशे-पंधराशे.

सीतादही

भाऊ, म्या कास्तकारीचंच सांगतो. लोकं काय करतेत, सोयाबीन निघालं का ट्रॉलीतूनच मंडीत. दसरा-दिवाळीच्या आवकीत भाव पडलेला, वरून ओलाव्याची कटती. तुम्हाले ऑक्टोबरात पैशाची निकड हाये, मनून तुमी तं पयलेच जासान. तसं नोका करू. बाजार समितीत शेतमाल तारण योजना असते, पणन मंडळाची. सोयाबीन, तूर, हरभरा वाळवून गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्के कर्ज भेटते, व्याज सालीना ६ टक्के, मुदत १८० दिवस. समजा आठ क्विंटल सोयाबीन, भाव धरला ४,२००, तं माल ३३,६०० चा. कर्ज २५,२००. पाच महिन्याचं व्याज ६३०. भाव क्विंटलले ३०० वाढला तं २,४०० वरचे. नाही वाढला तं गाडीभाडं आन् व्याज गेलं, पण तुमचं ऑक्टोबर-नोव्हेंबर निघालं. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद पाह्यजे, नाहीतं परत पाठवतेत. ओला माल घेत नाहीत. १८० दिवस उलटले का स्वस्ताचा दर गेला. पाच क्विंटलच्या आत माल असंन तं नादी लागू नोका, गाडीभाड्यातच जाते.

आता कापूस. सीतादही (वेचणीच्या सुरुवातीची वावरातली पूजा) झालं का पयल्या वेच्याचा कापूस घरातच रचाची आपली सवय. यंदा घरात बाळंतीण आन् लेकरू हाये. साठोल्या कापसानं मोठ्या माणसाले खाज सुटते, अंगावर पुरळ येते, लहान्याचं काय सांगावं. दुसरी खोली नसंन तं पयला वेचा इकून टाका, भावाची वाट नोका पाहू. सीसीआयले (सरकारी कापूस महामंडळाले) १२ टक्क्याच्या वर ओलावा चालत नाही, दोन-तीन दिस ऊन दाखवा मंग न्या. नोंदणी अगोदरच करून ठेवा, चुकारा आधारच्या खात्यात येते. वहिनी सोता चुकारे लिहितेत, त्यायले कटती कशी लावतेत हे तुमच्यापेक्षा जास्त ठाव असंन. त्यायलेच इचारा.

बेरीजवजाबाकी

सोयाबीनचे २५,२०० आले तर माझा ५५,७०० चा आकडा ३०,५०० वर येतो. आरडीचे तीन हप्ते पुढे ढकलले तर मार्चपर्यंत ओढ थोडी सैल होते, पण ते शेवटी भरायचेच आहेत, म्हणून वजा करत नाही. उरलेल्या तीसेक हजारांसाठी सोसायटीचे १,१०,००० बाजूला काढून उरेल तो कापूस आणि जानेवारीतली तूर.

तरीही सोनं काढायचीच वेळ आली तर दोन्ही तोळे एकदम नेऊ नका. एक तोळा, तोही बँकेत, सातबारा सोबत नेऊन शेतीसाठीच्या सोनेतारणाचा दर विचारा, तो बहुधा कमी असतो. बाजारातल्या फायनान्स दुकानात ‘महिना एक टक्का’ची पाटी असते, खाली बारीक अक्षरात असतं की व्याज दर महिन्याला भरलं तरच तो दर. गावातला शेकडा ३ म्हणजे वर्षाला ३६ टक्के, हे बोलताना कोणी सांगत नाही. तारणाची मुदत मार्चअखेर ठेवू नका, तेव्हाच सोसायटी आहे. मेअखेर ठेवाल तर बियाण्या-खताच्या खर्चात अडकेल. एप्रिलअखेर लिहून घ्या, वहिनींचा पहिला पूर्ण पगार तेव्हा जमा होईल.

पोषणताई

आणि बारसं बाराव्या दिवशी घरच्या घरी करा. ९ नोव्हेंबरच्या आसपास येईल, तेव्हा वेचणीला बाया मिळत नाहीत तिथे पंगत वाढायला कोण येणार? गावजेवण घालायचंच असेल तर तूर विकल्यावर, जानेवारीत.